पोटावरची तिरकी रेघ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी भाषा बोलल्यासारखीच राहू दिली आहे.

आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. एक लाल गोल. त्यात बाजूने दिसणारी एका बाईची काळी आकृती, पोट चांगलं पुढे आलेलं. आणि त्या गोलावरून एक तिरकी लाल रेघ. हे चित्र गोळ्यांच्या खोक्यावर छापलंय. आता सांगा, याचा अर्थ काय?

तुम्ही म्हणाल, सोपं आहे. गरोदर बाईने ही गोळी घेऊ नये.

हाच प्रश्न अमेरिकेत सुमारे शंभर बायकांना विचारला गेला होता. मूल होण्याच्या वयातल्या बायका. अटलांटातल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी हा अभ्यास २००१ साली 'टेरॅटॉलॉजी' नावाच्या नियतकालिकात छापला. चित्राखाली कुठलाही मजकूर नसताना बरोबर अर्थ किती जणींनी सांगितला? पाचातल्या एकीने. आणि चारातल्या एकीपेक्षा जास्त जणींना वाटलं, ही गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी आहे.

म्हणजे बरोबर उत्तरापेक्षा उलटं उत्तर देणाऱ्या जास्त. ज्या खोक्यावर लिहायचं होतं 'दिवस गेले असतील तर हात लावू नका', तो खोका सांगत होता 'मला घ्या, दिवस जाणार नाहीत'. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, त्या बायकांना नीट दाखवलं नसेल. पण मग मी त्या चित्राकडे जरा वेळ बघत बसलो, आणि मला त्या बायकांचं म्हणणं पटायला लागलं.

बघा, गोल आणि तिरकी रेघ ही भाषा रस्त्यावरून आलेली आहे. हॉर्नवर रेघ म्हणजे हॉर्न वाजवू नका. सिगारेटवर रेघ म्हणजे सिगारेट ओढू नका. नियम साधा आहे, ज्या गोष्टीवर रेघ ती गोष्ट नको. मग पोटावर रेघ म्हणजे काय नको? पोट नको! गरोदरपण नको. या नियमाने गेलं तर ती गर्भनिरोधक गोळी ठरते, किंवा त्याहून भयंकर, असलेलं पोट पाडायची गोळी ठरते. चित्र काढणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण वाक्य होतं. कागदावर उतरताना त्यातलं क्रियापद गळून पडलं. 'गरोदर बाईला मनाई' आणि 'गरोदरपणाला मनाई' यांचं चित्र एकच येतं.

आता हे चित्र आलं कुठून, त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१ ऑक्टोबर १९५७. पश्चिम जर्मनीत ग्रुनेन्थाल या कंपनीने कॉन्टरगन नावाची झोपेची गोळी बाजारात आणली. आतलं औषध होतं थॅलिडोमाइड. जर्मनीत ती चिठ्ठीशिवाय मिळायची. त्या काळातल्या झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्या तर माणूस दगावायचा, हिने तसं होत नाही म्हणून 'सुरक्षित' हा शब्द तिच्या नावाला चिकटला. मग लक्षात आलं की गरोदरपणातल्या मळमळीवर, कोरड्या उलट्यांवर ती बरी पडते. ब्रिटनमध्ये डिस्टिलर्स कंपनी हेच औषध डिस्टाव्हल नावाने विकत होती आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांना ते निर्धास्त देता येईल, आईला वा बाळाला काही होत नाही, अशी जाहिरात करत होती.

म्हणजे गरोदर बाईचा उल्लेख तेव्हाही होता. फक्त तो इशारा नव्हता, आमंत्रण होतं.

पुढचं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. हात-पाय अर्धवट वाढलेली बाळं जन्माला यायला लागली. कुणाचे तळहात थेट खांद्याला. कुणाला कान नाहीत, कुणाच्या आतड्यात, हृदयात दोष. हॅम्बर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंट लेन्झ घरोघरी जाऊन आयांना विचारत राहिले, काय खाल्लंत, काय घेतलंत. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी उघडपणे इशारा दिला आणि महिनाअखेरीला जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियाच्या विल्यम मॅकब्राइड यांचं छोटंसं पत्र आलं. तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं जन्माला आली होती, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यातली बरीच लहानपणीच गेली.

अमेरिकेत हे औषध विक्रीला आलंच नाही, त्याचं कारण एक बाई. फ्रान्सिस केल्सी. औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या खात्यात त्या १९६० मध्ये नव्याने रुजू झाल्या आणि सप्टेंबरमध्ये ही फाइल त्यांच्या टेबलावर आली. सोपं काम आहे म्हणून नव्या माणसाला दिलेलं! कंपनी सारखी तगादा लावत होती, वरिष्ठांकडे तक्रारी करत होती, आणि या बाई शांतपणे म्हणत होत्या, पुरावा अपुरा आहे, अजून माहिती द्या. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांचा सत्कार केला आणि त्याच वर्षी अमेरिकेचा औषध कायदा कडक झाला. केल्सींवर एक पूर्ण भाग करायचा आहे, त्यामुळे इथे थांबतो.

पण त्याच वर्षातली आणखी एक बाई आजच्या विषयासाठी मला जास्त महत्त्वाची वाटते. शेरी फिंकबाइन. ॲरिझोनात लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात काम करायची. चार मुलं, पाचव्यांदा दिवस गेलेले. तिचा नवरा इंग्लंडला गेला होता, तिथून त्याने स्वतःसाठी झोपेच्या गोळ्या आणल्या होत्या. उरलेल्या घरात पडून होत्या. हिला बरं वाटेना म्हणून हिने त्या घेतल्या. नंतर पेपरात युरोपातल्या बाळांबद्दल वाचलं आणि डॉक्टरांना फोन केला, आमच्या घरातल्या गोळीत नक्की काय आहे हो? तीच निघाली. ॲरिझोनात तिला गर्भपात नाकारला गेला, धमक्या आल्या, नोकरी गेली. शेवटी ऑगस्ट १९६२ मध्ये ती स्वीडनला गेली.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण घरात औषधं अशीच फिरतात. नवऱ्याची गोळी बायको घेते, सासूची सून घेते, बहिणीची मैत्रीण घेते. डॉक्टर चिठ्ठी एकाला देतो आणि गोळी पोचते तिसऱ्याकडे. त्या तिसऱ्या माणसाशी फक्त खोकाच बोलू शकतो.

खोका बोलायला लागला तो हळूहळू, आणि आधी डॉक्टरांशी. १९७९ मध्ये एफडीएने गरोदरपणासाठी औषधांचे पाच वर्ग केले, ए, बी, सी, डी आणि एक्स. दिसायला छान. पण अक्षरं म्हटली की आपल्याला परीक्षेतली ग्रेड आठवते. लोकांना, आणि बऱ्याच डॉक्टरांनाही, वाटायचं की ए म्हणजे उत्तम, बी जरा कमी, सी त्याहून वाईट. तसं नव्हतं. सी मध्ये प्राण्यांवर दुष्परिणाम दिसलेली औषधंही होती आणि अभ्यासच न झालेली औषधंही होती. आणि एक्स मध्ये कोण होतं माहितीये? साध्या गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा. त्या थॅलिडोमाइडइतक्या घातक म्हणून नाही, तर दिवस गेलेल्या बाईला त्यांचा काही उपयोगच नाही म्हणून. एकाच अक्षराखाली दोन्ही. ही अक्षरं काढून टाकायचा नियम २०१४ च्या डिसेंबरात आला आणि २०१५ पासून त्यांच्या जागी सरळ वाक्यांत माहिती द्यायला सुरुवात झाली. पस्तीस वर्षं लागली हे कळायला, की एका अक्षरात मावणारी ही गोष्ट नाही.

मधल्या काळात आलं मुरमांचं औषध. आयसोट्रेटिनॉइन. तुमच्यापैकी काहींनी घेतलंही असेल, चेहऱ्यावरच्या हट्टी मुरमांवर स्किनचे डॉक्टर देतात. अमेरिकेत १९८२ मध्ये परवानगी मिळाली. गर्भाला घातक आहे हे तेव्हाही माहीत होतं, लेबलवर लिहिलेलं होतं. तरी दोष असलेली बाळं जन्माला आली, कारण औषध घेणाऱ्यांत मोठा वाटा तरुण मुलींचा. १९८८ मध्ये रोश कंपनीने मोठा प्रतिबंधक कार्यक्रम सुरू केला, संमतीपत्रं, तपासण्या, आणि पाकिटावर ते चित्र. पोटावर तिरकी रेघ. सीडीसीने बायकांना दाखवलं ते याच घराण्यातलं चिन्ह.

आता ब्राझीलला चला. इथे मामला जास्त गंभीर आहे.

थॅलिडोमाइड संपलं नव्हतं. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये याकोब शेस्किन नावाच्या डॉक्टरांनी कुष्ठरोगाच्या एका रुग्णाला झोप यावी म्हणून ते दिलं आणि त्याच्या अंगावरच्या दुखऱ्या गाठी झपाट्याने ओसरल्या. कुष्ठरोगात अशी एक रिॲक्शन येते, ताप, गाठी, असह्य वेदना. त्यावर हे औषध खरोखर काम करतं. पुढे मल्टिपल मायलोमा या कॅन्सरवरही उपयोगी ठरलं, आपल्याकडेही त्यासाठी वापरतात. म्हणजे औषध फेकून देण्यासारखं नाही. ज्याला हवंय त्याला फार हवंय.

ब्राझीलमध्ये कुष्ठरोग भरपूर, त्यामुळे तिथे हे औषध वापरात राहिलं. आणि तिथे थॅलिडोमाइडची नवी मुलं जन्माला येत राहिली. दक्षिण अमेरिकेतल्या जन्मदोषांची नोंद ठेवणाऱ्या गटाने १९९६ मध्ये अशी ३४ मुलं नोंदवली, सगळी १९६५ नंतर जन्मलेली. जगाला वाटत होतं की हे प्रकरण साठच्या दशकात मिटलं.

कारणं तीच. घरात फिरणारी औषधं, आणि खोक्यावरचं चित्र. तिथल्या डॉक्टरांनी आणि पत्रकारांनी वारंवार सांगितलंय की गोळ्यांवर पोटुशा बाईवर काट मारलेलं चित्र होतं आणि काही बायकांनी त्याचा अर्थ लावला, गर्भ राहू न देणारी किंवा पाडणारी गोळी. आता विचार करा. गर्भपाताला कायद्याने जवळपास बंदी असलेला देश. हातात पैसा नाही. आणि नवऱ्याच्या औषधाच्या पाकिटावर असं चित्र. ती बाई मूर्ख नव्हती. तिला जे हवं होतं ते तिला त्या चित्रात दिसलं, आणि चित्राने तिला अडवलं नाही.

ब्राझीलने २००३ मध्ये थॅलिडोमाइडसाठी वेगळा कायदा केला. आणि खोक्यावर रेघ मारलेल्या आकृतीवर न थांबता बाळाचा फोटो टाकला, हात-पाय न वाढलेल्या बाळाचा. बघवत नाही. पण त्याचा अर्थ कुणी 'गर्भनिरोधक' असा लावेल असं मला वाटत नाही. क्रियापद परत आलं. ही गोळी काय करते, ते दिसलं.

त्या चित्रातली आणखी एक चूक सांगतो, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पोटाचा आकार. चित्रातली बाई सातव्या-आठव्या महिन्यातली असते, कारण चित्रकाराला 'गरोदर' दाखवायचं तर पोट काढावंच लागतं. पण थॅलिडोमाइडचा घात होतो गर्भ राहिल्यापासून साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसात. तेव्हा पोट दिसणं सोडा, कित्येक जणींना पाळी चुकल्याची नीट खात्रीही झालेली नसते. अशी बाई आरशात बघते, मग खोक्याकडे बघते आणि म्हणते, मी कुठे अशी आहे? चित्र जिला उद्देशून आहे, तिलाच ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं.

आता मला सांगा, आपल्या आज्ज्यांनी लाल त्रिकोण कशाचा म्हणून ओळखला? कुटुंब नियोजनाचा! साठच्या दशकात सरकारी अधिकारी दीप त्यागी यांनी हा उलटा लाल त्रिकोण आणला. दवाखान्याच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, गावातल्या चावडीजवळ. अक्षर न येणाऱ्या माणसालाही कळावं म्हणून मुद्दाम साधा ठेवलेला. आणि फ्रान्सने २०१७ मध्ये गर्भाला धोका असलेल्या औषधांवर सक्तीने जे चित्र छापायला लावलं, त्यातलं एक म्हणजे लाल त्रिकोणात गरोदर बाई. त्रिकोण सुलटा आहे, मान्य. पण चिन्ह कधी रिकाम्या डोक्यात पडत नाही. तिथे आधीचं काहीतरी रंगवलेलं असतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाने १९७१ मध्ये विषाच्या बाटल्यांसाठी कवटीच्या जागी जीभ बाहेर काढलेला हिरवा चेहरा आणला, कारण पोरांना कवटी म्हटलं की समुद्री चाचे आठवायचे. विष म्हणजे साहस!

फ्रान्सचा निर्णय आला तो व्हॅल्प्रोएटमुळे. हे फिट्सचं औषध, तिथे १९६७ पासून बाजारात. आई ते गरोदरपणात घेत असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात दोष आणि दहातल्या तीन ते चार मुलांमध्ये बोलणं, शिकणं, वाढ यात अडचणी. मरीन मार्तां या फिट्स असलेल्या आईने आपल्या मुलांच्या अडचणींचं कारण शोधून काढलं आणि २०११ मध्ये पीडित कुटुंबांची संघटना उभी केली. तिच्या लढ्यातून खोक्यावर चित्रं आली. दोन प्रकारची, त्रिकोण म्हणजे धोका आणि काट मारलेला गोल म्हणजे बंदी.

(इथे थांबून एक सांगतो. फिट्सची कुठलीही गोळी हा भाग ऐकून कुणी परस्पर बंद करू नका. फिट येणंही आईला आणि बाळाला धोक्याचं असतं. आपल्या देशात केरळमध्ये श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून फिट्स असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली जाते, ती याचसाठी की कुठलं औषध चालतं, किती डोसात चालतं, हे आपल्या बायकांच्या अनुभवातून कळावं. डॉक्टरशी बोला, दिवस जायच्या आधी बोला.)

फ्रान्समध्ये वाद लगेच झाला. कोणतं चित्र लावायचं हे कंपनीवर सोडलेलं, आणि कंपनी स्वतःला वाचवण्यासाठी जास्तीचं चित्र लावणारच. मग इतक्या खोक्यांवर बाई दिसायला लागली की खरंच घातक औषध आणि 'जरा जपून' औषध यातला फरक पुसला जातो, असं तिथल्या तज्ज्ञांनी म्हटलं. दम्याची, डिप्रेशनची गोळी बाईने घाबरून सोडली तर तेही नुकसानच. अमेरिकेतल्या ज्या बाईला चित्र कळलं नाही तिचा धोका एक, आणि जिला गरजेपेक्षा जास्त कळलं तिचा दुसरा.

ब्रिटनची गोष्ट मात्र चित्र कळण्या-न कळण्याच्याही आधीची आहे. तिथे व्हॅल्प्रोएटच्या गर्भावरच्या धोक्याची शंका १९७३ मध्येच सरकारी समितीसमोर आली होती. ठरलं काय, तर डॉक्टरांना सांगायचं, पण रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर नको, उगाच घाबरतील. जॅनेट विल्यम्स आणि एमा मर्फी या दोन आयांनी चालवलेल्या मोहिमेमुळे असे जुने कागद चर्चेत आले. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने आपल्या इतिहासातली पहिली जाहीर सुनावणी घेतली, ती याच औषधावर. २०२० मध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या अहवालाने, आयांचं वर्षानुवर्षं ऐकून घेतलं गेलं नाही, हे स्पष्ट लिहिलं. मला याचा राग येतो. बायकांना चित्र समजतं का, असे अभ्यास आपण करतो. पण इथे जवळपास दोन पिढ्या बायकांना काही समजू द्यायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं, आणि ठरवणारे सगळे चित्रं नीट वाचता येणारे लोक होते.

ब्रिटनने मग कडक नियम केले, खोक्यावर चिन्ह आलं, इशाऱ्याचं कार्ड आलं. तरी तक्रारी येत राहिल्या. का? कारण दुकानात फार्मसिस्ट चिठ्ठीतल्या आकड्याप्रमाणे गोळ्या मोजून साध्या पांढऱ्या खोक्यात भरून द्यायचा. चिन्ह मूळ खोक्यावर, मूळ खोका दुकानात. शेवटी ११ ऑक्टोबर २०२३ पासून तिथे नियम आला की व्हॅल्प्रोएट कंपनीच्या मूळ, न फोडलेल्या खोक्यातच द्यायचं.

हे वाचलं आणि मला आपल्या मेडिकलच्या काउंटरवरची कात्री आठवली. 'दादा, चारच द्या.' कात्री चालते, स्ट्रिपचा तुकडा खाकी पाकिटात पडतो, पाकिटावर पेनने दोन रेघा, सकाळी एक, रात्री एक. खोका तर दुकानातच राहिला. स्ट्रिपच्या मागे इंग्रजीत बारीक अक्षरात जो इशारा होता, त्याचा पहिला अर्धा भाग तुमच्याकडे आला आणि उरलेला अर्धा पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाणार.

पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलात तर कापलेल्या तुकड्याच्या मागे काय उरलंय ते वाचून बघा, आणि फोटो काढून मला पाठवा. पुढचा भाग फ्रान्सिस केल्सींवर. भेटू.